दोन जावा आणि एक पिंप

१४ ऑक्टोबर

सासूबाईंनी आज दोन्ही घरांना बोलावलं. दोन्ही घरं म्हणजे द्राक्षमळ्याच्या या टोकाचं आमचं आणि त्या टोकाचं माझ्या धाकट्या दिरांचं. सासूबाई मधल्या बैठ्या घरात राहतात. हे आणि भाऊजी एकाच बाकावर बसले, मध्ये सासूबाईंची पिशवी. मामंजी गेल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बाबांना इस्पितळात न्यायला तू उशीर केलास, असं दोघांचंही म्हणणं आहे, आणि दोघांचंही एकमेकांबद्दल.

मळा शेजारच्या मोठ्या गेटवाल्या वाईन कंपनीला विकायचा, ते वेली उपटून हॉटेल बांधणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "सही माझीही लागते. यंदाची छाटणी झालेली आहे, हे पीक येऊ दे. आजवर द्राक्षं दुसऱ्यांना घातली. यंदा आपली वाईन करायची. पुढच्या सप्टेंबरच्या वाईन मेळ्यात पहिल्या तिघांत आली, तर पुढची छाटणी होईल. नाही आली, तर खुशाल उपटा."

"करणार कोण?" यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं बोलत नाही. म्हणून या दोघी."

या दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. एका म्यानात दोन तलवारी! मी शाळेच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढली, बाटलीवर चिठ्ठी नसेल तर हात लावत नाही. ती विमा विकते. तिचं तोंड झोपेतही बंद नसेल. आम्ही दोघींनी आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही. सासूबाईंचं वय झालंय, दुसरं काय?

तरी या वेली मी लावताना पाहिल्या आहेत. नव्या सुनेच्या हातचं रोप म्हणून मामंजींनी पहिली ओळ माझ्याकडून लावून घेतली होती. ती उपटताना मला बघवणार नाही. म्हणून हो म्हटलं.

२ नोव्हेंबर

धाकटीचं म्हणणं, करण्याआधी दुसऱ्यांची बघू. परिसरातल्या सगळ्या वायनरी पालथ्या घालू. गाडी तिला येते, मला येत नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिली स्वारी मोठ्या गेटवाल्यांकडेच. चाखायची खोली काचेची, टेबलं इतकी चकचकीत की मला माझी हनुवटी खालून दिसत होती. एक मुलगी ग्लासात घोट घोट ओतत होती आणि शेजारी एक उंच धातूचं भांडं ठेवलेलं. मला वाटलं फुलदाणी, फुलं यायची असतील. तिने दिलेलं सगळं मी प्यायले. दुसऱ्याच्या घरी दिलेलं टाकायचं नसतं. पाचव्या ग्लासानंतर मी त्या मुलीला तिचं लग्न झालं का, नसेल तर का नाही, असं विचारलं म्हणे. धाकटीने मला गाडीत बसवताना सांगितलं की ते भांडं थुंकण्यासाठी होतं.

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"ताई, तुम्ही पहिल्यांदाच इतक्या छान बोलत होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

३ नोव्हेंबर

न्हाणीघरात पाण्याने थुंकायचा सराव केला. सरळ धार येत नाही, हनुवटीवरून ओघळते. हे दारात उभे. म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मळा वाचवतेय." ते दार ओढून घेऊन निघून गेले.

२१ नोव्हेंबर

एका निवृत्त जोडप्याची वायनरी. नवरा ओततो, बायको बोलते. प्रत्येक ग्लासाला ती म्हणे, "चेरी येतेय ना? आणि मागून चामडं?" धाकटी लगेच, "हो हो, चामडं! आणि जरा तंबाखू." खोटारडी! तिला चेरी ठाऊक आहे ती केकवरची.

मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. "भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. आमच्या शाळेच्या कोठारात पाणी शिरलं होतं तेव्हा अस्साच यायचा." बाईंचा चेहरा पडला. धाकटीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नवऱ्याने मात्र ग्लास उचलून हुंगला, बाटली हुंगली, आणि म्हणाला, "बूच खराब निघालं. सकाळपासून हीच ओततोय. चौदा माणसं 'वा वा' करून गेली." त्याने दुसरी बाटली उघडली. तिला खरंच चेरीचा वास होता.

परत येताना धाकटीने पेट्रोलपंपावर, चहाच्या टपरीवर आणि एका अनोळखी बाईला हे सगळं सांगितलं. "आमच्या ताईंचं नाक म्हणजे नाक आहे!" मला भारी लाज वाटली. तिसऱ्यांदा सांगताना तर तिने पुठ्ठ्याच्या जागी अख्खं कपाट केलं.

१९ डिसेंबर

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमधली छोटी वायनरी. मालक एकटाच. सगळं जग त्याला आंबट लागतं अशा चेहऱ्याचा, म्हणून आम्ही त्याचं नाव आंबटराव ठेवलं. (धाकटीने ठेवलं. मी फक्त हसले.) त्याने आम्हाला ग्लास न देता आधी झाडू दिले. "वाईन म्हणजे नव्वद टक्के धुणं-पुसणं," म्हणाला. मला माणूस आवडला.

त्याने समजावलं: लाल वाईन सालांसकट आंबवायची. रस आंबायला लागला की सालं वर येऊन जाड थर होतो. तो थर लाकडी दांड्याने खाली दाबायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सालांतून रंग येतो आणि तुरटपणाही येतो. "दोनदा म्हणजे दोनदा. जास्त घुसळाल तर जीभ सोलून निघेल."

जुनं एक पिंपही द्यायचं कबूल केलं. धाकटीने बोलता बोलता त्याचा विमा काढला.

११ जानेवारी

भांडण! एका वायनरीच्या गाड्या लावायच्या जागेत, लोकांसमोर. तिला आत्तापासून बाटलीवरचं चित्र ठरवायचंय, फलक रंगवायचाय. मी म्हटलं, टाकी अजून धुतलेली नाही, बाजारात तुरी. ती म्हणाली, "तुम्हाला सगळं उकळून निर्जंतुक करायचं असतं, माणसंसुद्धा." मी म्हटलं, "आणि तुला सगळं विकायचं असतं, नसलेलंसुद्धा." मी बसने घरी आले.

१६ जानेवारी

आज एकटीच एका वायनरीत गेले, बस बदलून. धाकटी नव्हती त्यामुळे शांतता होती. फार बरं वाटलं. ओतणाऱ्याने दोन ग्लास दिले, मी हुंगले, चाखले, नीट थुंकले. कुणी काही विचारलं नाही. कसला वास आला ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मीही नीट लक्ष दिलं नाही. लवकर परतले.

संध्याकाळी हे म्हणाले, "त्या टोकाच्या घरावरून आलो, आतून खोकल्याचा आवाज येत होता. कुणाला झालाय?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी कुठे बोलतेय त्यांच्याशी." मग म्हणाले, "आल्याच्या पाकाची बाटली आहे ना कपाटात? उगाच वाया जाईल." इतकी काटकसर यांना कुठून सुचली कोण जाणे. बाटली घेऊन मीच गेले. खोकला भाऊजींना होता. धाकटीने दार उघडलं, म्हणाली, "मी टाकी धुतली." मी म्हटलं, "चित्र दाखव." चित्र बरं होतं. मी ठीक आहे म्हटलं.

२० फेब्रुवारी

तोडणी. दोन्ही भाऊ तोडायला आले, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. मधली ओळ कुणीच तोडेना, ती आम्ही दोघींनी तोडली. घड इतके भरलेले की पाटीत ठेवताना फुटत होते. माझ्या ओळीचे घड मी वेगळे हुंगून पाहिले. मन भरून आलं.

२४ फेब्रुवारी

रस आंबायला लागलाय. शेडमध्ये पाऊल टाकताच नाकाला झिणझिण्या येतात. ठरलंय असं: सकाळी मी सालं दाबायची, संध्याकाळी तिने. पण तिचं काय खरं? फोन आला की जग विसरते. म्हणून दुपारी जेवणं झाली की मी गुपचूप जाऊन एकदा दाबून येते. संध्याकाळी ती विसरली तरी काम अडायला नको. तिला कळू देत नाही, उगाच मानापमान नको.

२७ फेब्रुवारी

एक गंमत. सकाळी मी जाते तेव्हा सालांचा थर आधीच मऊ असतो, दांडाही ओला. रात्रभर वाळत नाही म्हणजे हवेत दमटपणा खूप असणार. रंग मात्र काळाभोर आलाय. आमच्या द्राक्षांचा गुणच तसा!

३ मार्च

आंबटराव टाकी बघायला आला. ग्लासात रस घेतला, उजेडात धरला. पलीकडचं काही दिसेना. तोंडात घेतला आणि त्याचा चेहरा, जो आधीच आंबट, तो पार आतल्या आत गेला.

"ही कुणी घुसळली एवढी?"

"मी नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"दोनदाच दाबली?"

मी म्हटलं, "मी सकाळी. आणि... दुपारी. हिच्या भरवशावर कोण राहणार?"

धाकटी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी संध्याकाळी. आणि पहाटे. म्हटलं, ताईंचे गुडघे दुखतात, एखाद्या दिवशी नाही जमलं त्यांना तर?"

आंबटरावाने डोक्याला हात लावला. "धन्य आहात. जगात माणसं आळसाने वाईन बिघडवतात. तुम्ही दोघींनी मेहनतीने बिघडवलीत."

आता? तो म्हणाला, आजच गाळा, पिंपात भरा आणि देवाचं नाव घ्या. मी घरी येऊन रडले. एवढी मामंजींची द्राक्षं, एवढी निगा, आणि मीच माती केली. आणि ती तरी कशाला गेली पहाटे, माझे गुडघे काय तिला विचारायला आले होते?

८ जून

पिंपातून पहिला घोट काढला. कच्च्या केळ्याचं साल चघळल्यासारखं. जीभ टाळूला चिकटली, बोलताच येईना. धाकटी गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मला ते मुळीच आवडलं नाही.

आंबटराव फोनवर म्हणाला, "ऑगस्टअखेरपर्यंत त्या पिंपाला हात लावू नका. वास घेऊ नका, चाखू नका, त्याच्याकडे बघूही नका. आणि माझ्या विम्याचं काय झालं?"

१५ जुलै

वायनरी फिरणं चालूच आहे. आता उपयोग काय, असं हे म्हणाले. पण मेळ्यात गुण कोण देतं, तर वाईन करणारेच सगळे. बाहेरचा परीक्षक नसतो. बाटल्या कापडी मोज्यात घालून वर नुसता आकडा. आपली बाटलीही त्यात असते पण कुठली ते माहीत नसतं. स्वतःच्या बाटलीला दिलेले गुण नंतर खोडतात. तेव्हा जीभ तयार हवी.

आज नदीकाठच्या वायनरीत गेलो. आता मी थुंकते तर धार सरळ भांड्यात. ओतणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. धाकटीही आता खोटं चामडं सांगत नाही. आज म्हणाली, "ताई, याला ना, कोऱ्या पुस्तकाचा वास येतोय." हुंगून पाहिलं, खरंच येत होता. मी तिला शिकवलंय म्हणून.

आपली बाटली आपल्याला ओळखू येईल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, आईला आपलं मूल ओळखायला चिठ्ठी लागते का?

२९ ऑगस्ट

बाटल्या भरल्या. माझं नाक सर्दीने पार बंद. रसायन ओतलं असतं तरी कळलं नसतं. धाकटीला म्हटलं, तू चाख. ती म्हणाली, "तुम्ही चाखल्याशिवाय मी नाही चाखणार. चांगली असली तरी एकटीने काय चाखायची? आणि वाईट असली तर एकटीला झेपणार नाही." वेडेपणा नुसता! आंबटरावाने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला आणि म्हणाला, "हं." वर मेळ्यापर्यंत एकही बाटली उघडायची नाही अशी ताकीद देऊन गेला. त्याच्या 'हं'चा अर्थ लावण्यात आम्ही आठवडा घालवणार असं दिसतंय.

२४ सप्टेंबर

सगळं सविस्तर लिहिते.

मेळ्याचा मोठा हॉल. हे एका भिंतीला, भाऊजी समोरच्या भिंतीला, सासूबाई मधोमध खुर्चीत. मोठ्या गेटवाल्यांचा साहेब त्यांच्या शेजारी येऊन बसला, पाय पसरून, जणू आत्ताच हॉटेलात उतरलाय. मी आणि धाकटी वेगवेगळ्या टेबलांवर, तसा नियमच आहे.

मोज्यातल्या बाटल्या एकामागून एक आल्या. चार नंबर तोंडात घेतली आणि मी ओळखली, हीच आमची. जराशी पातळ, जराशी तुरट, पण प्रामाणिक. वाईट वाटलं पण लाज नाही वाटली. वाजवी गुण दिले. घरचं म्हणून दोन गुण जास्त देणं माझ्या स्वभावात नाही.

मग नऊ नंबर आली.

काय लिहू! काळीभोर. नाकाशी नेली तर आधी ओल्या मातीचा, मग जांभळाचा, मग शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास. तोंडात आधी मखमल, आणि मग मागून घट्ट पकड, हाताला धरून कुणी थांबवावं तशी. मी थुंकायचं विसरले. गिळली. डोळ्यांत पाणी आलं, कारण मला कळलं की ही मोठ्या गेटवाल्यांची असणार. एवढी वाईन करायला काचेच्या खोल्या, शिकलेली माणसं लागतात. आपण कशाला या फंदात पडलो? पण खोटं लिहिणार कसं? नऊला मी पैकीच्या पैकी दिले. देताना वाटलं, आपल्या हाताने आपल्या वेलींवर कुऱ्हाड चालवतेय.

मधल्या सुट्टीत धाकटी धावत आली. चेहरा रडवेला. "ताई, रागावू नका. मी नऊला पैकीच्या पैकी दिले. मला राहवलंच नाही."

"मीपण," मी म्हटलं.

आम्ही दोघी जिन्यात बसलो. तिने माझा हात धरला, मी धरू दिला. म्हटलं, "जाऊ दे ग. वर्ष चांगलं गेलं." खरंच चांगलं गेलं. तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. तेल खूप लावते ती केसांना, पण मी काही बोलले नाही.

निकाल उलट्या क्रमाने वाचले. तिसरी, त्या निवृत्त जोडप्याची, म्हणजे चार नंबर. चार नंबर आमची नव्हती? मग आमची कुठली? दुसरे मोठे गेटवाले. साहेबाने पाय आवरले. दुसरे ते, मग नऊ कुणाची?

निवेदक म्हणाला, "पहिल्या बाटलीची एक गंमत सांगतो. नऊ नंबरला पैकीच्या पैकी गुण फक्त दोघींनी दिले, आणि त्या दोघी तिच्याच मालकिणी निघाल्या. नियमाप्रमाणे ते गुण खोडले. खोडूनही ती पहिली आली आहे."

काखेत कळसा नि गावाला वळसा! धाकटी अशी किंचाळली की मागच्या रांगेतल्या माणसाने ग्लास सोडला. मी तिला मिठी मारली. हो, मीच मारली, आधी मीच. ती रडत होती, मी रडत होते, आणि आंबटराव खांबाला टेकून चक्क हसत होता. जवळ येऊन म्हणाला, "जास्त घुसळलेली वाईन सोलून काढते, नाहीतर अशी होते. शंभरात एकदा होते. पुढच्या वर्षीही चारदाच दाबा, पण आता एकमेकींना सांगून."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. साहेबाला म्हणाल्या, "तुमची पण छान होती हो." मग दोन्ही भिंतींकडे बघून मोठ्याने विचारलं, "छाटणी कधी?"

"सोमवारी," हे म्हणाले. त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरून भाऊजीही म्हणाले, "सोमवारी." सगळा हॉल हसला. ते दोघे हसले नाहीत, पण एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२९ सप्टेंबर, सोमवार

छाटणी सुरू झाली. मळा राहिला! हे शब्द लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून पुन्हा लिहिते. मळा राहिला.

सकाळी शेडमध्ये धाकटीशी वाद झाला. चाखायची खोली कुठे करायची? तिला रस्त्याकडे तोंड हवंय, मला वेलींकडे. अजून मिटलेला नाही. मी काही हार मानणार नाही, तीही मानेल असं वाटत नाही. तिला म्हटलं, संध्याकाळी जेवायलाच ये, तिथे बघून घेऊ. भाऊजींनाही आण.

मग आम्ही दोघी माझ्या ओळीपाशी गेलो. यंदा हे आणि भाऊजी एकाच टोकाकडून निघाले होते. भाऊजींनी एक फांदी धरली, कात्री हातात, आणि म्हणाले, "दादा, ही कुठे कापू?"

हे थांबले. मग जवळ जाऊन तीच फांदी धरली, म्हणाले, "फुटीचे दोन डोळे ठेव. वरच्या अंगाला काप."

मला भारी नवल वाटलं. भाऊजी लहानपणापासून मामंजींच्या हाताखाली छाटणी करत आलेत, आणि एवढं साधं विसरले? धाकटीला मी तसं म्हटलंही. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "हो ना ताई, अगदी विसरलेत. आता दिवसभर विचारत बसतील."

आणि खरंच, ओळ संपेपर्यंत ते प्रत्येक वेलीला विचारत होते, आणि हे प्रत्येक वेलीला सांगत होते.